मामाची सनई आणि बोस्टनचा चार्ली

गेल्या महिन्यात आमच्या बेळगावात, वडगावला एका लग्नाची सुपारी होती. परण्या, म्हणजे नवरदेवाची वरात, साडेदहाला निघणार, अक्षता साडेबाराला, म्हणजे मधले दोन तास आम्ही रस्त्यावर, पुढं आमचा बँड आणि मागं डॉल्बी. आता डॉल्बी सुरू झाल्यावर ऑल्टो सॅक्सोफोन वाजवायचा म्हणजे कपिलेश्वर तलावात चमचाभर साखर टाकायची आणि पाणी गोड झालं का बघायचं. तरी अर्धा तास मी ओठ लाल करून घेतले, शेवटी बँडमास्तरच म्हणाले, "बस की रे आता, नुसतं तोंडाला लावून चाल, फोटोत तेवढं येऊ दे." मग काय, ते सोनेरी धूड गळ्यात अडकवून तासभर नुसतीच बोटं हलवत चाललो. आणि नेमके तेव्हाच लोक व्हिडिओ काढत होते माझा.

रात्री घरी आलो तर कानात अजून धडधड, झोप येईना, म्हणून इयरफोन घालून चार्ली मारियानो हा अमेरिकन सॅक्सोफोनवाला लावला. गेली पाचसहा वर्षं माझं हे असंच आहे, डोकं फिरलं की चार्ली. बायको म्हणते दुसरे लोक रामरक्षा लावतात. मित्रांना नाव सांगितलं की कोण हा, क्रिकेटवाला काय, असं विचारतात, म्हणून म्हटलं एकदा बसून सगळं लिहूनच काढावं.

पण सुरुवात चार्लीपासून नाही, माझ्या मामापासून आहे. मामा अनगोळला राहतो, आता एकोणऐंशी वर्षांचा आहे. देवळात पहाटेची सनई वाजवण्यात त्याची उभी हयात गेली, आता दात गेल्यापासून फक्त सणाला वाजवतो. शाळा सातवीपर्यंत, ती कन्नड मीडियमची, घरात मराठी, त्यामुळं सकाळी कन्नड पेपर आणि दुपारी वाचनालयात जाऊन मराठी पेपर असा त्याचा दिनक्रम. आपल्याकडं अशी माणसं घरटी एक सापडतील, बाहेरच्या लोकांना उगीच आश्चर्य वाटतं. तर २०१९ च्या ऑक्टोबरात, ११ तारखेला मंगळूरला कद्री गोपालनाथ गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी सकाळी मामाचा फोन. "अरे, तुझ्या वाजपाचा माणूस गेला बघ. मोठा फोटो आलाय. बाप नागस्वरम वाजवायचा म्हणून लिहिलंय."

मी म्हटलं होय मामा, माहीत आहे मला. कद्री माहीत नसतील असा सॅक्सोफोनवाला कर्नाटकात सापडायचा नाही. दक्षिण कन्नड जिल्ह्यात जन्म, १९४९ चा, वडील नागस्वरमवाले (नागस्वरम म्हणजे दक्षिणेतली लांब सनईच), आणि या पोरानं लहानपणी म्हैसूरच्या राजवाड्यातल्या बँडमध्ये सॅक्सोफोन बघितला आणि तिथंच अडकला. मग मंगळूरला गोपालकृष्ण अय्यर यांच्याकडं, पुढं मद्रासला टी. व्ही. गोपालकृष्णन यांच्याकडं, वर्षानुवर्षं घासून त्या परदेशी वाद्यातनं कर्नाटक संगीत काढलं. ते किती अवघड आहे हे वाजवणाऱ्यालाच कळेल. सनईला, नागस्वरमला नुसती भोकं असतात, बोट अर्धं सरकवलं की सूर घसरतो, मींड आपोआप येते. सॅक्सोफोनला भोकावर पॅड, पॅडवर चावी, दाबली की बंद, सोडली की उघडी, मधलं काही नाही. सगळी घसरण ओठानं आणि घशानं करायची. त्यांनी वाद्यात थोडे बदल करून घेतले पण खरी करामत ओठांचीच. १९९४ ला लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये बीबीसीच्या प्रॉम्स या संगीत महोत्सवात वाजवलं, २००४ ला पद्मश्री. मी हे सगळं फोनवर मामाला ऐकवलं, तो हूं हूं करत होता आणि शेवटी म्हणाला, "ते सगळं खरं रे. पण सनईच्या घरातलं पोरगं तुझ्या त्या पितळी नळकांड्याकडं गेलं. तुझ्याकडचं कोण आमच्याकडं आलंय काय, ते बघून सांग."

मामाचं हे असं असतं, सहज बोलतो आणि समोरच्याला कामाला लावतो. त्या रात्री मी बसलो मोबाईल घेऊन, सॅक्सोफोन सोडून सनई किंवा नागस्वरम शिकलेला कोणी गोरा माणूस सापडतोय काय म्हणून, आणि तासाभरात सापडला. पांढरी दाढी, डोळे मिटलेले, आणि हातात नागस्वरम! मी फोटो मोठा करून बोटं बघितली, बरोबर धरलेलं होतं.

चार्ली मारियानो. जन्म १२ नोव्हेंबर १९२३, अमेरिकेत बोस्टनला, आईबाप इटलीतनं आलेले. (आपल्या सुळेभावीचे कुमार गंधर्व ८ एप्रिल १९२४ चे, म्हणजे दोघांत पाच महिन्यांचं अंतर. याचा काही संबंध नाही, पण मला असली तारखांची गंमत आवडते.) सॅक्सोफोन हातात आला तोच तसा उशिरा, सतरा-अठराव्या वर्षी. मग दुसरं महायुद्ध, सैन्यात भरती, आणि तिथं बंदुकीऐवजी बँड. हे वाचलं आणि मला एकदम आमच्या काकांची आठवण आली. आमचे काका म्हणजे ज्यांनी मला शिकवलं ते, मिलिटरी बँडमधनं रिटायर होऊन कॅम्पात राहायला आलेले. बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर असल्यामुळं आपल्याकडं पहाटेचा बिगुल ऐकत मोठी झालेली पोरं खूप, पण नोटेशन वाचायला शिकवणारा माणूस मिळणं म्हणजे नशीब. काकांनी पहिले तीन महिने मला एक गाणं वाजवू दिलं नाही. नुसते लांब सूर. एक सूर धरायचा, दम संपेपर्यंत, तो हलला की पुन्हा पहिल्यापासून. मी रडकुंडीला यायचो, ते पेपर वाचत बसायचे आणि पेपरातनं डोकं वर न काढता म्हणायचे, "हलला. परत."

तर चार्ली. सैन्यातनं सुटल्यावर बोस्टनला शिलिंजर हाउस नावाच्या संगीतशाळेत गेला. ती शाळा लॉरेन्स बर्क नावाच्या इंजिनियरनं १९४५ ला काढलेली, आणि तीच पुढं बर्कली झाली, म्हणजे आज जगभरातली पोरं लाखो रुपये कर्ज काढून जिथं जॅझ शिकायला जातात ती. त्या काळी जॅझवाल्या प्रत्येक पोराच्या डोक्यात चार्ली पार्कर हा ऑल्टोवाला होता. आपल्याकडं एके काळी नाट्यसंगीत गाणारा प्रत्येकजण बालगंधर्वच व्हायला निघायचा, त्यातला प्रकार. आमचा चार्लीही सुरुवातीला पार्करच्याच वाटेनं गेला. पण त्याच्या सुरात रडवेलेपणा आहे, पार्करमध्ये तो नाही. पार्कर बोलतो, हा आळवतो. माझं मत आहे, पटलं नाही तर सोडून द्या.

१९५३ ते ५५ तो स्टॅन केंटनच्या ऑर्केस्ट्रात होता. हा मोठा बँड, ज्याला बिग बँड म्हणतात तो प्रकार. इथं जरा थांबतो कारण बँडवाला म्हणून मला यातच जास्त रस आहे. आमच्या बँडमध्ये दोन ऑल्टो, एक टेनर (ऑल्टोपेक्षा खालच्या आवाजाचा सॅक्सोफोन), तीन क्लॅरिनेट, चार ट्रंपेट, दोन युफोनियम आणि मग ड्रम-बिम, आणि हे सगळेजण वाजवतात काय तर एकच चाल. एकच! चौदा माणसं मिळून एक गाणं ओरडून सांगतात. बिग बँडमध्ये नुसते सॅक्सोफोनच पाच, दोन ऑल्टो दोन टेनर आणि एक जाडा बॅरिटोन, आणि पाचजण पाच वेगळे सूर वाजवतात, चाल वरच्याकडं, बाकीचे चार तिच्या खाली अशा अंतरावर की पाचही मिळून एकच जाड दोर वळल्यासारखा आवाज येतो. कुणी कुठला सूर वाजवायचा, कधी गप्प बसायचं, ट्रंपेटनी कधी मधे खोकायचं, हे सगळं कागदावर लिहून ठेवणारा माणूस म्हणजे अरेंजर. आपल्या हिंदी सिनेमावाल्यांना हे कळलेलं होतं. मनोहारी सिंग ही सॅक्सोफोनची मोठी असामी, पण ते आर. डी. बर्मनचे अरेंजरही होते, बासू चक्रवर्तींच्या जोडीनं. पडद्यावर नाव संगीतकाराचं, पण कुठल्या क्षणाला सॅक्सोफोन निघणार हे ठरवणारं डोकं दुसरंच असायचं.

तर हे सगळं वाचून माझ्या अंगात आलं आणि दोन वर्षांपूर्वी शिवजयंतीच्या मिरवणुकीसाठी मी आमच्या बँडला एका आरतीचं अरेंजमेंट लिहून दिलं. साधंच, तीन सुरांचं. लिहायचं म्हणजे काय डोकेदुखी असते ते सांगतो. आपण सगळे पट्टीत बोलतो, काळी चार, पांढरी पाच. पण ऑल्टोवर सी चं बोट धरलं की आवाज येतो काळी दोनचा, आणि टेनरवर तेच बोट धरलं की काळी पाचचा. म्हणजे गाणारा काळी चारला असला तर मी ऑल्टोवर एफला सा धरणार, शेजारचा टेनरवाला बी फ्लॅटला, आणि युफोनियमवाल्याची आणखी वेगळी तऱ्हा. प्रत्येकाला वेगळा कागद. आठ रात्री घालवल्या, मी क्लार्क आहे त्या सोसायटीतल्या कॉम्प्युटरवर प्रिंट काढल्या (मॅनेजरसाहेब वाचत असतील तर पैसे भरलेत मी), तालमी दोन झाल्या, दुसऱ्या तालमीला अंगावर काटा आला माझ्या स्वतःच्या.

मिरवणुकीच्या रात्री चित्ररथांच्या गर्दीत, दिवट्यांच्या उजेडात कागद दिसेना. दुसरा ऑल्टोवाला चौथ्या ओळीला हरवला, आणि हरवल्यावर माणूस जे करतो तेच त्यानं केलं, जोरात चाल वाजवायला लागला. ते ऐकून टेनरवाला चालीवर आला. मग सगळेच आले. राहिलो मी एकटा खालचा सूर धरून, आणि लोकांना वाटलं मीच चुकूलालोय. एक म्हातारा कठड्यावरनं ओरडला, "सोनेरीवाल्याला कुणीतरी गाणं सांगा की!" बँडमास्तर रागावले नाहीत, चहा पिताना एवढंच म्हणाले की लोकांना गाणं ओळखू आलं पाहिजे बाबा, बाकी तुझं सगळं चांगलं. आणि ते चुकीचं बोलले असं आजसुद्धा मला म्हणता येत नाही.

असो. चार्लीकडं येतो. केंटननंतर लॉस एंजेलिस, मग लग्न केलं तोशिको अकियोशीशी, जपानहून बर्कलीला शिकायला आलेली पियानिस्ट, पुढं स्वतः फार मोठी अरेंजर झाली ती. काही दिवस जपानात संसार. १९६३ च्या जानेवारीत चार्ल्स मिंगस या जॅझमधल्या मोठ्या बासवाल्यानं अकरा जणांचा बँड घेऊन 'द ब्लॅक सेंट अँड द सिनर लेडी' नावाची रेकॉर्ड केली, त्यातला ऑल्टो चार्लीचा आहे. ती रेकॉर्ड पहिल्यांदा ऐकली तेव्हा मी निपाणीहून रात्रीच्या बसनं येत होतो, संकेश्वर कधी गेलं, हत्तरगी कधी गेली कळलं नाही, आणि घरी आल्यावर बायकोनं विचारलं कुणी वारलं काय. चेहराच तसा झाला होता म्हणे.

मग १९६५ पासून बर्कलीत मास्तरकी. आता इथपर्यंतची स्टोरी कुठल्याही चांगल्या वाजवणाऱ्याची असते. पोरगा शिकला, नाव झालं, शेवटी ज्या शाळेत शिकला तिथंच मास्तर झाला, पगार सुरू, हार घाला, फोटो काढा. मी पण थोडाफार तिथंच आहे, आपल्या पातळीवर. सोसायटीत क्लार्कची नोकरी, शनिवार-रविवारी माडीवर चार पोरं शिकायला, लगीनसराईत बँड. वाटतं झालं आता, आपलं शिकून झालं, आता फक्त दुसऱ्यांना सांगायचं.

पण हा माणूस साठच्या दशकात मलेशियाला गेला, तिथल्या रेडिओच्या ऑर्केस्ट्राला शिकवायला. क्वालालंपूरला. मलेशियात रबराच्या मळ्यांवर कामाला गेलेले तमिळ लोक भरपूर, त्यांची देवळं, आणि देवळं आली म्हणजे नागस्वरम आलंच. ते चार्लीच्या कानावर पडलं. शिकवायला गेलेला माणूस तिथंच शिकायला बसला. अमेरिकेला परत आला तरी ते डोक्यातनं जाईना. १९७१ ला बर्कली सोडली, वय सत्तेचाळीस. युरोपात गेला, आणि सत्तरच्या दशकात दक्षिण भारतात एका खेड्यात काही महिने राहून नागस्वरमची रीतसर तालीम घेतली.

पन्नाशीच्या आसपासचा माणूस, मिंगसबरोबर वाजवलेला, बर्कलीचा मास्तर, खेड्यात जमिनीवर बसून पहिल्यापासून सुरुवात करतोय. आणि दुहेरी पत्तीचं वाद्य! ज्यांनी वाजवलेलं नाही त्यांना सांगतो, सॅक्सोफोनला एकच पत्ती, ती माउथपीसला बांधलेली, तुम्ही नुसतं दातांखाली नीट धरलं आणि फुंकलं तर काहीतरी आवाज येतोच, म्हैस ओरडल्यासारखा का असेना. सनई-नागस्वरमला माउथपीस नाही, दोन पातळ पत्त्या एकमेकींना चिकटून, आणि त्या तुमच्या ओठांच्या मधे. ओठ जरा जास्त आवळले की पत्ती मिटते, आवाज बंद. सैल सोडले की नुसती हवा. सॅक्सोफोनची पंचवीस-तीस वर्षांची सवय तिथं उलट आडवी येते. म्हणजे हा माणूस पहिल्यापासून सुद्धा नाही, शून्याच्या खालनं सुरू करत होता.

मी हे सगळं मामाला सांगितलं आणि सत्तरच्या दशकातलं एक रेकॉर्डिंग ऐकवलं, ज्यात तो नागस्वरम वाजवतो, मागं ड्रम आणि गिटार-बिटार. मामानं मोबाईल कानाला धरला, ट्रान्झिस्टर धरतात तसा. पूर्ण ऐकलं. मग म्हणाला, "श्वास परका आहे. ओठ मात्र शिकलेला आहे." मी विचारलं म्हणजे चांगला का वाईट, तर म्हणाला, "गमक, सूर झुलवणं, थोडकं आहे. पण घाई करत नाही बघ. जेवढं येतंय तेवढंच वाजवतोय." मामाच्या तोंडून एवढं म्हणजे सुवर्णपदक. माझ्या बाबतीत तो आजवर "बरं आहे की" याच्या पुढं गेलेला नाही.

खरं सांगायचं तर नागस्वरम विद्वानांच्या पंगतीला चार्ली बसणार नाही. तंजावरकडच्या कुठल्याही बऱ्या वाजवणाऱ्यापुढं तो कच्चा वाटेल. पण त्यानंतरचा त्याचा सॅक्सोफोन ऐका. १९८३ ला बंगळूरच्या कर्नाटक कॉलेज ऑफ पर्कशनबरोबर त्यानं 'ज्योती' नावाची रेकॉर्ड केली, टी. ए. एस. मणी मृदंगावर, आर. ए. रामामणी गायला. त्यात रामामणींचा आवाज एक सूर सोडतो आणि चार्लीचा सॅक्सोफोन तो उचलतो तेव्हा सुराच्या डोक्यावर एकदम बसत नाही, खालनं, बाजूनं, चाचपडत येतो, अंधारात जिना चढताना पाय पुढची पायरी शोधतो तसा. केंटनच्या बँडमधला चार्ली असा येत नव्हता, तो थेट सुरावर उतरायचा. हा फरक कुठनं आला ते मला तरी स्पष्ट ऐकू येतं. आणि ज्यांना फ्युजन म्हटलं की तबल्याच्या मागं कीबोर्ड आठवतो त्यांनी हे जरूर ऐकावं, इथं कोणी कुणाला फोडणी म्हणून वापरलेलं नाही.

अजून एक धागा सापडला तो सांगतोच. १९८० ला मुंबईच्या जॅझ फेस्टिव्हलला कद्री गोपालनाथ वाजवत होते, तिथं कॅलिफोर्नियाचा जॉन हँडी हजर होता, तो पण ऑल्टो सॅक्सोफोनवालाच. कद्रींचं ऐकून त्यानं विचारलं मी तुमच्याबरोबर स्टेजवर येऊ काय, आणि दोघं वाजवले. आता हा हँडी कोण, तर चार्ली मारियानोच्या आधी मिंगसच्या बँडमध्ये ऑल्टो वाजवून गेलेला माणूस. म्हणजे मिंगसचा एक ऑल्टोवाला नागस्वरम शिकायला आपल्याकडं आला, आणि दुसरा ऑल्टोवाला नागस्वरमच्या घरातल्या पोरासमोर मुंबईत उभा राहिला. हे मामाला सांगितलं तर तो म्हणाला, "मग? चांगली माणसं भेटतातच की वो." मला 'वो' म्हणाला, म्हणजे तो खूश होता.

चार्ली पुढं जर्मनीत कोलोनला राहिला, म्हातारपणापर्यंत वाजवत होता, १६ जून २००९ ला गेला, पंच्याऐंशी वर्षांचा होऊन.

आता माझ्या माडीवरच्या शाळेबद्दल. चार पोरांत एक मुलगी आहे वडगावची, नववीत, घरात माग आहेत. तिला मी गेल्या दिवाळीपासून स्विंग शिकवायचा प्रयत्न करतोय. स्विंग म्हणजे जॅझमधली ती चाल, एका मात्रेचे दोन तुकडे सारखे न करता पहिला जरा लांब, दुसरा जरा आखूड आणि उशिरा. कागदावर दोन्ही सारखेच लिहिलेले असतात, वाजवायचे वेगळे. हे सांगून कळत नाही. मी टाळ्या वाजवल्या, टेबल बडवलं, केंटन ऐकवला, ती आपली सरळ टकटक टकटक, घरच्या पॉवरलूमसारखी. मी वैतागून म्हटलं, अगं तुझ्या कानात सारखा माग चालतो त्याला मी काय करू! बोललो आणि वाईट वाटलं लगेच. ती काही बोलली नाही, पुढच्या रविवारी आली आणि म्हणाली, सर, लेझीम खेळताना पाय पडतो आणि मग छुम् जरा मागनं येतं, तसं काय? मी म्हटलं करून दाखव. शाळेत लेझीम पथकात आहे ती. माडीवर चपला काढून तिनं चार पावलं टाकली, हातात काही नसताना, तोंडानं छुम् छुम् करत, आणि मग सॅक्सोफोन घेऊन तेच वाजवलं. झालं की! काउंट बेसीच्या त्या नावाजलेल्या बिग बँडमध्ये नाही घेणार कोणी, पण झालं.

चार महिने मी अमेरिकेची उदाहरणं देत होतो आणि उत्तर शिवजयंतीच्या मिरवणुकीत दरवर्षी माझ्या पुढनं नाचत जात होतं. त्या दिवशी मी तिची फी घेतली नाही, आणि तिच्या बाबांनी संध्याकाळी येऊन ती दिलीच, वर कुंद्याचा डबा.

काका असते तर त्यांना सांगितलं असतं. काका करोनाच्या आधीच गेले. त्यांचा मेरठचा जुना ऑल्टो माझ्याकडं आहे, तिथल्या जली कोठी या वाद्यबाजारातला माल, जी शार्पच्या चावीला अजून त्यांनी लावलेलं सायकलच्या ट्यूबचं रबर आहे. मी बदललेलं नाही.

तर डॉल्बीच्या त्या लग्नानंतरच्या रविवारी मी अनगोळला गेलो. मामा अंगणात ऊन खात बसला होता. म्हटलं मामा, सनई काढ, मला शिकायचंय. त्यानं माझ्याकडं असं बघितलं जसं मी त्याच्याकडं उसने पैसे मागितलेत. "आता? चव्वेचाळीस वर्षं काय करूलालतास?" मी म्हटलं चार्ली पन्नाशीला शिकला. "तो तुझा चार्ली खेड्यात येऊन राहिला. तू रविवारी डबल सीट येतोयस, जेवायच्या टायमाला." पण आत गेला, फडक्यात गुंडाळलेली सनई आणली, दोऱ्याला बांधलेल्या पत्त्यांच्या जुडीतनं एक निवडली, स्वतःच्या तोंडात धरून भिजवली, नळीला लावली आणि माझ्या हातात दिली. बोटं कशी ठेवायची ते सांगितलं नाही. म्हणाला, फुंक.

फुंकलं. नुसती हवा. ओठ आवळले, आवाजच बंद. पंचवीस वर्षं सॅक्सोफोन वाजवलेला माणूस मी, गाल दुखायला लागले. मामा तंबाखू मळत बसला. चारपाच मिनिटांनी एकदम एक असा आवाज निघाला की कठड्यावरचं मांजर उडी मारून पळालं आणि समोरच्या घरातनं काकू पदर खोचत बाहेर आल्या, "एनाय्त्री मामा?"

"एनिल्री," मामा तंबाखूवर थाप मारत म्हणाला, "होस हुडुग अदान."

म्हणजे काय झालं मामा, तर काही नाही, नवीन पोरगं आलंय. काकू मान हलवून आत गेल्या. मामानं चिमूट ओठात धरली आणि माझ्याकडं न बघता म्हणाला, "हलला. परत."

काका आणि मामा आयुष्यात एकमेकांना कधी भेटलेले नाहीत.